शिट्टीचा टर्बो

६ जानेवारी

गोमाई नदीच्या पुलावर आज गाडीने मान टाकली. इंजिन चालू होतं, पण ओढ गेलेली, आणि मागून एवढा धूर की उसाच्या ट्रॅक्टरवाला उतरून विचारायला आला, "बाई, काय जाळी ऱ्हायन्यात?" मी म्हटलं, नवरा. शेजारी बसलेल्या नवऱ्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

ही डायरी साखर कारखान्याची. निवृत्त कामगारांना दरवर्षी एक फुकट मिळते, पहिल्या पानावर संचालक मंडळाचे फोटो आणि प्रत्येक पानाखाली एक सुविचार. नवरा लिहीत नाही म्हणून मी लिहिते. पोस्टात जन्मभर दुसऱ्यांची पत्रं हाताळली, आता स्वतःचं काही लिहायला हरकत नसावी. तोंडाने मी त्यांचं नाव घेत नाही, घेतलं तर सासूबाई फोटोतून उतरतील. कागदावर मात्र गिरधर, आणि तोही एकेरी. एवढी चैन चालायची.

गिरधर कारखान्यात टर्बाइनवर होता. वाफेवर फिरणारं एक धूड, त्याच्या जोरावर ऊस पिळला जायचा. काटे आणि घड्याळं पोरांनी बघावीत, मी ऐकतो, असं म्हणायचा आणि खरंच ऐकायचा. शेवटी फोरमन होऊन निघाला. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांमुळे त्याचं लायसन पुढे मिळालं नाही. काचबिंदू आहे, थेंब चालू आहेत. मग साठी उलटताना मी गाडी शिकले, आणि तो शेजारच्या सीटवरचा फोरमन झाला. गाडीत बसतो तेवढा वेळ माणसात असतो, एरवी खाटेवर, भिंतीकडे तोंड करून. गाडी बंद पडली म्हणजे हाही बंद पडणार. मला धुराची नाही, त्याची भीती वाटते.

८ जानेवारी

भरत मेकॅनिकने निदान केलं. "टर्बो गया, काकू. बेरिंग खलास."

"मी कव्हयना सांगी ऱ्हायंतू," गिरधर म्हणाला. "बेरिंग बोली ऱ्हायनं म्हनीसन."

हे खरं आहे. डिसेंबरात तो तसं म्हणाला होता, आणि मी म्हटलं होतं, तुमचेच गुडघे बोलत असतील.

माझ्या भावाचा मुलगा भाग्येश, धुळ्याहून डिप्लोमा करून आलेला आणि तेव्हापासून कुणाचंच ऐकून न घेणारा, तोही तिथे हजर. त्याने मला टर्बो समजावला. मी तो माझ्या भाषेत लिहून ठेवते, कारण त्याची भाषा मला झोप आणते. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक चाक फिरवतो. त्याच दांड्यावरचं दुसरं चाक इंजिनात हवा कोंबतं. हवा जास्त, तर डिझेल नीट जळतं आणि ताकद वाढते. म्हणजे चुलीला फुंकणी. बारीक तोंडाची फुंकणी असली तर थोड्या फुंकीत जाळ होतो, पण मोठं लाकूड घातलं की ती पुरत नाही. मोठ्या तोंडाची असली तर आधी छाती फुटेस्तोवर फुंका, मग एकदम भडका. आमचा जुना टर्बो मधल्या मापाचा. माप कायमचं ठरलेलं, हवा जास्त झाली की एक झडप उघडते आणि जादा धूर बाजूने निघून जातो. इंजिन दोन हजार फेऱ्यांच्या खाली असलं की तो झोपलेला असतो. वर गेलं की धाडकन लाथ मारतो आणि बारीक शिट्टी वाजवतो.

नवीन मॉडेलमध्ये पात्यांचा टर्बो असतो. इंजिन हळू असलं की आतली पाती मिटून वाट अरुंद करतात, जोरात असलं की उघडतात. फुंकणीच्या तोंडावर हिशोबाने अंगठा धरणारी सून समजावी. ओढ खालपासून सलग, डिझेल कमी आणि आवाज जवळजवळ नाही. भाग्येश म्हणाला, थोडी जोडाजोड करून आणि कॉम्प्युटरची सेटिंग बदलून तो आपल्या गाडीला बसतो. भरतने एवढंच म्हटलं की गावात रडतखडत चालवली तर त्या पात्यांवर काजळी धरते आणि ती अडकतात. जुना टर्बो अडाणी, पण दणकट.

"जुनाच दुरुस्त कर," गिरधर म्हणाला.

"कसाले?" मी विचारलं.

"चांगला शे म्हनीसन."

यापलीकडे त्याच्याकडे मुद्दा नव्हता. मायलेज सांगितलं तरी तेच, घाट सांगितला तरी तेच. एवढा टर्बाइनवाला माणूस आणि नव्या यंत्राचं त्याला कौतुक नाही. म्हातारपणी माणूस कंजूष होतो किंवा हट्टी होतो. आमच्याकडे दोन्ही.

१३ जानेवारी

गाडी भरतकडेच. गिरधर घरात आहे आणि घर मोडतो आहे. आज स्टुलाला धडकला, पाण्याचा तांब्या खाली. "आठे कोनी ठेवं हाई?" म्हणून ओरडला. ते स्टूल आमच्या लग्नापासून तिथेच आहे. समोरच्या सोनीबाई म्हणाल्या, फोरमनला गर्व झालाय, ओट्यावर बाजूला उभी असते तरी बोलत नाही. मी म्हटलं, माझ्याशीही बोलत नाही, मनावर घेऊ नका.

एक चांगली गोष्ट घडली. हल्ली पेपर तो मलाच वाचायला लावतो. आज कारण विचारलं तर म्हणाला, "तुन्हा आवाज चांगला शे." इतक्या वर्षांत या माणसाने केलेली ही पहिली स्तुती. मी अग्रलेखसुद्धा वाचला.

१६ जानेवारी

मी पात्यांचा टर्बो बसवायला सांगून आले. गाडी मी चालवते, तर फुंकणी मी निवडणार.

खरं कारण इथे लिहिते. दर होळीला आम्ही सातपुड्यातल्या काठी गावी वीरसिंगकडे जातो. वीरसिंग गाळपाच्या हंगामात गिरधरच्या हाताखाली असायचा. कारखाना सुटला तरी दोघांची दोस्ती सुटली नाही. आम्ही साखरेचे हारकडे, म्हणजे होळीच्या गाठ्यांच्या माळा, नेतो, तो डाळ आणि मोहाची फुलं देतो. मागच्या वर्षी देवगोई घाटात, तीव्र वळणावर, माझ्या इंजिनच्या फेऱ्या खाली पडल्या. टर्बो झोपलेला, पाय दाबला तरी ओढ येईना, आणि गाडी दरीकडे मागे सरकली. वीतभर असेल. गिरधर शांतपणे म्हणाला, "क्लच दाब, पहिला टाक, वाट देख, आते शिट्टी यी." शिट्टी आली आणि गाडी चढली. पण वीरसिंगच्या सपाट अंगणातही मी हँडब्रेक तीनदा ओढून बघितला. मला तो घाट पुन्हा तसा चढायचा नाही.

संध्याकाळी सुरतेहून नवनीतचा फोन. मुलगा शहाणा आहे, हेच त्याचं वाईट. म्हणाला, आई, खर्च कशाला करतेस, गाडी विकून टाका आणि इकडे या, इथे लिफ्ट आहे. मी म्हटलं, लिफ्ट काठीला जात नाही.

२८ जानेवारी

गाडी आली. काय सांगू. प्रकाशा गावापर्यंत जाऊन आले. पाय ठेवला की ओढते, झोप नाही आणि लाथही नाही. काचा लावल्या, एसी लावला, घरात बसल्यासारखं. गिरधर शेजारी होता आणि तोंड शिवल्यासारखा बसला होता. एरवी हा माणूस शहाद्यापासून बोलत असतो. आता चढ आला, आता डामरखेडा, आता चौथा टाक, पुढे ट्रक दिसतोय का बघ. आज नाही. एकदा म्हणाला, "तिसरा टाक," तेव्हा मी पाचव्यात होते. आणि प्रकाशाला रसवंतीपुढे गाडी थांबवल्यावर विचारतो कसा, "डामरखेडा गयं का?"

डामरखेडा कधीच मागे पडलं होतं. टोमणा कळला मला. एवढी हळू चालवते का मी? रस मी एकटीनेच प्यायला.

९ फेब्रुवारी

भाग्येशबरोबर देवगोई घाट चढून आले. मागच्या वर्षीच्या त्याच वळणावर मी मुद्दाम दुसऱ्या गिअरमध्ये रांगत गेले आणि गाडी दोरीने वर ओढल्यासारखी गेली. खाली जीपवाले वाट बघत होते, त्यांच्याकडे मी खिडकीतून राजमातेसारखं बघितलं. पोस्टातल्या बाईला एवढं पुरे.

हिशोबही चांगला. जुन्या टर्बोवर सपाटीला लिटरमागे एकोणीस पडायचे आणि घाटात तेरा. नव्यावर सपाटीला वीस, घाटात सोळा. सपाटीला फार फरक नाही, हे भाग्येशला सोडून सगळ्यांना मान्य आहे. खरी कमाई चढावर. अर्थात आज शेजारचं ऐंशी किलोचं सामानही गाडीत नव्हतं, तेही मायलेजमध्ये धरायला हवं. गिरधर आला नाही. पोट बरं नाही म्हणाला. गेल्या आठवड्यात गुडघा होता आणि त्याआधी घरी कुणीतरी येणार होतं, ते आलं नाही.

येताना भाग्येश म्हणाला, "फुई, फुवा मले एकदाव सांगेत, मी डोया मिटीसन सांगू शकस देवगोईनं कोनतं वळन शे ते." मी म्हटलं, तुझे फुवा डोळे मिटून माझ्या स्वयंपाकालाही नावं ठेवू शकतात.

२० फेब्रुवारी

गिरधर आता ओट्यावरही येत नाही. खाट, भिंत, रेडिओ. मी गाडीचं नाव काढलं की म्हणतो, "तू जाय." मी जाते. बाजारात जाते, बँकेत जाते, कारण नसताना लोणखेड्याला जाऊन येते. गाडी सुंदर चालते आणि मला कंटाळा येतो. चूक दाखवणारं कुणी नसलं की चांगलं चालवण्यात मजा नाही, हे मला माहीत नव्हतं.

नवनीतचा फोन आला. मी स्वयंपाकघरात होते, त्याने घेतला. बाहेर येते तर हा म्हणतोय, "बरं. होळी झायी का येतस आम्ही." फोन ठेवून भिंतीकडे वळला. सुरतेच्या फ्लॅटला हा कबुतरखाना म्हणायचा. दिवाळीत तिथे तीन दिवस राहिला तर परत येईपर्यंत जेवला नव्हता. आणि आज एका शब्दात बरं. मला भांडण हवं होतं. भांडलाच नाही, म्हणून मला रडू आलं. त्याला दिसलं नाही, हे बरं झालं.

४ मार्च

आज जे झालं ते नीट लिहिते.

सकाळी वीरसिंगचा फोन. त्याचा मुलगा यंदा होळीला बुध्या होणार आहे. कमरेला दुधी भोपळे, डोक्याला मोरपिसं, अंगावर राख. नवस आहे, व्रताची पाळणी चालू झाली, खाटेवर बसत नाही. फोरमनने यायलाच पाहिजे, म्हणाला. गिरधर म्हणाला, "नही जमाव. गुडघा दुखस." मग मात्र माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, गुडघा माझ्या गाडीत घाला, अक्कलकुव्याला डॉक्टरला दाखवू. डॉक्टर वगैरे काही नव्हतं. मला त्याला घाटात न्यायचं होतं, म्हणजे गाडी कशी चढते ते बघून त्याचा हट्ट मोडेल.

अक्कलकुवा मागे टाकून मी घाटाला लागले. गाडी लोण्यासारखी चालली होती. वळणं जात होती, मी सांगत होते, बघा, दुसऱ्यात, बघा, पायसुद्धा जास्त दाबला नाही. त्याने काहीच पाहिलं नाही. वरचं हँडल दोन्ही हातांनी धरलं होतं आणि पाय जमिनीला रोवले होते. तेवढ्यात मोलगीकडून येणारी जीप वळण कापत गिरधरच्या बाजूने घुसली आणि हॉर्न वाजला. हा माणूस, ज्याच्यासमोर एकदा वाफेचा पाइप फुटला होता आणि ज्याने आधी चहा संपवला होता, तो लहान मुलासारखा दचकला. माझ्या अंगावर आला.

"थांबाड," म्हणाला.

मी रुंद जागा बघून थांबले. तो दार उघडून उतरला आणि चालायला लागला, सरळ समोर बघत. दोन पावलांवर कठडा तुटलेला होता. मी गाडीला वळसा घालून धावले आणि मागून सदरा धरला. एक बटण तुटलं. "तठे दरी शे," मी म्हटलं.

"माले माहीत शे," तो म्हणाला. त्याला माहीत नव्हतं. पुढचं पाऊल टाकण्याआधी त्याने पायाने जमीन चाचपली.

आम्ही गाडीच्या सावलीत दगडावर बसलो. मी विचारलं, "कितलं दिखस तुम्हले?"

"समोर दिखस. नळीमायीन देखो तितलं. बाजूनं काहीच नही."

"कधीपासून?"

"लायसन गयं त्याना पहिलेपासून. डॉक्टर म्हने, आते जे गयं ते काही येवाव नही. थेंब फक्त उरेल नजर वाचाडाकरता."

दोन वर्षं मी रोज त्या डोळ्यांत थेंब टाकते आहे. बोटांनी पापणी धरून, आत बघून. मी म्हटलं, मले काबर सांगं नही?

"सांगं असतं तं तू मले सामाननी गत नेती," तो म्हणाला. खालून एक ट्रक घोंगावत वर येत होता, त्याकडे त्याने कान केला. "शिट्टीवरथून मले समजे. कोनता गिअर, कितला चढ, कोनतं वळन उनं. मी तुन्हाबरोबर गाडी चालाडे. डोया तं गयातच व्हतात. तू मन्हा कानबी काढी लिधात."

मला त्याचा राग आला. माझा त्याहून जास्त आला. आणि तुटलेल्या बटणाच्या जागी त्याच्या छातीचे पांढरे केस दिसत होते, ते बघून मी सदऱ्याची दुसरी बाजू ओढून धरली. तशीच बसून राहिले. मग आम्ही घाट उतरलो. मी एसी बंद केला, सगळ्या काचा खाली केल्या आणि वाटभर बडबडत आले. आता पूल, आता म्हशी, आता तळोद्याचा बसस्टँड. तो म्हणाला, "तू आकाशवाणी शे का?" आज जानेवारीनंतर पहिल्यांदा टोमणा मारला.

५ मार्च

भरतला म्हटलं, जुना टर्बो परत बसव. त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू बाई उन्हात फिरून आल्यात. जुना टर्बो त्याच्या गॅरेजच्या दाराला आडवा लावलेला होता, दार वाऱ्याने आपटू नये म्हणून. मी तो स्वतः उचलून टेबलावर ठेवला. नऊवारी नेसून कुणी टर्बो उचलताना त्याने पाहिलं नसावं.

"बेरिंग बदलव, सगळं नीट कर. पण शिट्टी ऱ्हावाले पाहिजे."

"काकू, लोके आवाज बंद कराले येतंस."

"मी चालू कराले उनू."

तो विचारात पडला. मग म्हणाला, हवेच्या फिल्टरच्या डब्याजवळ आवाज दाबणारा एक कप्पा असतो, तो काढला तर शिट्टी आतपर्यंत येईल. मी म्हटलं, काढ. भाग्येशला कॉम्प्युटरची सेटिंग पहिल्यासारखी करायला सांगितलं. तो मायलेज, घाट, ओढ, सगळं पुन्हा बोलला. प्रत्येक शब्द बरोबर होता. मी म्हटलं, बाळा, तुझा टर्बो चांगलाच आहे, माझा नवरा जुना आहे.

गिरधरला मी यातलं काही सांगितलं नाही. विचारलं तर सांगितलं, नव्याची पाती काजळीने अडकली, भरत म्हणे जुनाच बरा.

"मी काय सांगेल व्हतं," तो म्हणाला आणि जेवण मागितलं.

१५ मार्च

काल संध्याकाळी काठीहून आलो.

निघालो तेव्हा अंगणातच गाडी सुरू केली आणि थोडा पाय दाबला. शिट्टी आली, पूर्वीपेक्षा मोठी, निलाजरी. गिरधर ओट्यावरून उतरत होता, तो पायरीवर थांबला. दाराला हात लावून चाचपला आणि बसला. शहादा सोडायच्या आत मला तीन चुका सांगितल्या.

घाटात काचा उघड्या, अंगभर धूळ, हारकड्यांवरही धूळ. मी घाबरलेले होते. त्या वळणाच्या आधी त्याने खूप आधीच सांगितलं, "आते तुन्हं वळन यी ऱ्हायनं. खाले पडू देऊ नको, पहिलाच ठेव." मी ठेवला. तरी पाय कचरला असणार, कारण तो म्हणाला, "पमे, आवाज पडना. घाबरनी का?"

"नही."

"मंग दाब."

मी दाबला. शिट्टी चढली, धाडकन लाथ बसली आणि आम्ही वर होतो. माझी भीती त्या यंत्राच्या आवाजात ऐकू येते, हे मला माहीत नव्हतं. माझ्याशी लग्न करून राहिलेल्या माणसाने ती बहुतेक सगळीकडे ऐकली असणार.

घाटात लिटरमागे बारा पडले. तेरासुद्धा नाहीत. या पानाखालचा सुविचार इंधन बचतीचा आहे, त्यावर मी चहाचा कप ठेवला आहे. नवनीतला कळवलं, गाडी विकायची नाही आणि आम्हीही विकाऊ नाही. तो म्हणाला, बाबा काय म्हणतात? मी म्हटलं, ते मोहाची फुलं निवडत आहेत, हातांनी, आणि माझ्यापेक्षा चांगली.

वीरसिंगच्या अंगणात पोचलो तेव्हा मी सवयीने चावीला हात घातला. गिरधरने माझा हात धरला. "बंद नको करू. टर्बाइन गार व्हऊ दे." एवढं चढून आल्यावर मिनिटभर इंजिन हळू चालू ठेवायचं, ही त्याची कारखान्याची शिस्त. वीरसिंग धावत आला. त्याने गिरधरच्या बाजूला न येता बरोबर समोर येऊन हात पुढे केला, आणि मला समजलं की हे त्याला माझ्याआधीपासून माहीत आहे. मोरपिसांचा टोप हातात धरून त्याचा मुलगा मागे उभा होता.

"फोरमन, गाडी कोणी आणली एवढ्या घाटातून?" वीरसिंगने विचारलं.

"मीच चालाडी," गिरधर म्हणाला. "हाई नुसती स्टेरिंग धरी बठेल व्हती."

मी म्हटलं, हो. चावी तशीच राहू दिली. इंजिन गार व्हायचं होतं, आणि त्याचं ऐकून झालं नव्हतं.